प्रयोगशाळेतल्या तक्त्यावरचा मेंदू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असे निमंत्रण आले. स्नेहसंमेलने, सहली, सरांचा धाक यांवर वर्गमित्र लिहितीलच. मी लिहिते आहे ते प्रयोगशाळेत टांगलेल्या मानवी मेंदूच्या तक्त्याविषयी. प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (त्याच्या मागे-खाली असलेला लहान मेंदू), मस्तिष्कपुच्छ (मेंदूचे खालचे टोक) ही नावे आपण त्यावरूनच पाठ केली. आता वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवताना दिसते, की पहिल्या वर्षाची मुले तीच आकृती मनात घेऊन येतात. आकृती बरोबर आहे, पण कोणता भाग बंद पडला की काय थांबते, हे ती सांगत नाही. ते कळले की नावे पाठ करावी लागत नाहीत.

तक्त्यावर सर्वांत मोठे दिसते ते प्रमस्तिष्क. प्रौढ माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, त्यातला बहुतेक वाटा याचाच. वरचा करडा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा असतो. तो उलगडून पसरला तर वर्तमानपत्राचे साधारण एक पान झाकेल. एवढा थर कवटीत मावायचा तर घड्या पडणारच.

या घड्यांपैकी एक खोल घडी डोक्याच्या मध्यावरून कानाच्या दिशेने खाली उतरते. तिच्या पुढच्या पट्टीतून हालचालीचे हुकूम सुटतात, मागच्या पट्टीत स्पर्श नोंदला जातो. पुढच्या पट्टीवर शरीर उलटे मांडलेले असते. पाय वर, अगदी मधल्या फटीत, हात कडेला, चेहरा आणि जीभ सर्वांत खाली. जागेची वाटणी अवयवाच्या आकारावर नाही, कामाच्या बारकाव्यावर होते. म्हणून अंगठा आणि ओठ यांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते. कडेच्या भागाला रक्त देणारी धमनी तुंबली की चेहरा आणि हात जास्त लुळे पडतात. मधल्या फटीतली धमनी तुंबली तर आधी पाय जातो.

पाहण्याचे केंद्र मात्र पार मागे आहे. डोके मागून आपटले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते त्यामुळेच.

भाषा बहुतेकांच्या डाव्या गोलार्धात, म्हणजे प्रमस्तिष्काच्या डाव्या अर्ध्यात असते. १८६१ साली पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या माणसाला बोललेले कळायचे, पण तोंडातून 'तान' एवढाच उच्चार निघायचा. इजा डाव्या कपाळामागच्या भागात खालच्या बाजूला सापडली. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला. त्यात इजा कानाच्या वरच्या-मागच्या भागात असते. रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचे त्याला कळत नाही. हा दुसरा प्रकार घरच्यांनी ओळखायलाच हवा. हातापायात ताकद असते, त्यामुळे 'अचानक भ्रमिष्टासारखे बोलायला लागले' असे समजून काही घरांत दृष्ट काढण्यात दिवस जातो. तोही मेंदूचा झटकाच (स्ट्रोक, म्हणजे मेंदूतली धमनी तुंबणे किंवा फुटणे) असू शकतो.

आता तक्त्याच्या तळाशी येऊ. मस्तिष्कपुच्छावर दोन त्रिकोणी उंचवटे असतात, त्यांना पिरामिड म्हणतात, हे वाक्य आपण परीक्षेत लिहिले आणि सोडून दिले. खरे तर तक्त्यावरची सर्वांत महत्त्वाची जागा ही आहे. वर सांगितलेल्या पुढच्या पट्टीतून निघालेले हालचालीचे तंतू या पिरामिडांतून उतरतात आणि त्यांच्या खालच्या टोकाशी सुमारे ८५ ते ९० टक्के तंतू एकमेकांना छेदून पलीकडे जातात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग जाते, त्याचे कारण हा फुलीसारखा छेद.

याला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांतून हुकूम येतात. त्यामुळे मेंदूच्या झटक्यात सहसा ओठाचा कोपरा ओघळतो, पण भुवया वर करायला सांगितले की कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडतात. चेहऱ्याची स्वतःची नसच सुजली असेल, तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते आणि डोळा मिटत नाही. हा फरक डॉक्टरांसाठी. घरी तोंड वाकडे दिसले की थेट रुग्णालय गाठावे. दुसरा अपवाद अनुमस्तिष्काचा. त्याच्या डाव्या भागातला बिघाड डाव्याच हातापायात दिसतो.

अनुमस्तिष्काला पुस्तकात 'तोल सांभाळतो' एवढे एकच वाक्य मिळते, हा मोठा अन्याय आहे. मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ६९०० कोटी याच मुठीएवढ्या भागात असतात. हालचाल सुरू करणे त्याचे काम नाही. ती किती आणि कुठे थांबवायची, हे तो ठरवतो. तपासणी साधी असते: तर्जनीने आधी स्वतःचे नाक आणि मग समोरच्याचे बोट शिवायचे. अनुमस्तिष्क बिघडले असेल तर बोट जसे लक्ष्याजवळ जाते तसा कंप वाढतो. दारू प्यायलेला माणूस झोकांड्या खातो आणि त्याची जीभ जड होते, ते मुख्यतः दारूचा परिणाम इथे होतो म्हणून.

तक्त्यावर दोन गोष्टी अजिबात नव्हत्या: पाणी आणि रक्त.

मेंदूभोवती आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर प्रमस्तिष्क-मेरुद्रव असतो. तो दिवसाला अर्धा लिटर तयार होतो, म्हणजे दिवसातून तीनदा बदलतो. या द्रवात तरंगताना मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅम भरतो, म्हणून तो स्वतःच्याच वजनाने दबत नाही. वाट कुठे अडली तर द्रव साचतो. लहान बाळाची कवटी अजून सांधलेली नसते, म्हणून डोके फुगत जाते.

रक्ताचा हिशोब याहून कडक आहे. शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी २० टक्के ऑक्सिजन वापरतो. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त त्याला लागते आणि साठा करण्याची सोय नाही. मोठी धमनी गुठळीने बंद झाली तर दर मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यातले एक जरी लक्षण दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि चोवीस तास सीटी स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. वेळ मोजायची ती माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. सकाळी उठताना लक्षण दिसले, तर रात्री झोपतानाची वेळ सांगावी. घरी अॅस्पिरिन देऊ नये, कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात आणि रक्तस्राव असेल तर अॅस्पिरिनने तो वाढू शकतो. पाणीही पाजू नये. गिळणे बिघडलेले असेल तर ते श्वासनलिकेत जाते.

मैदानावरच्या माराबद्दल सध्याच्या शिक्षकांसाठी लिहिते. कानाच्या वर-पुढे कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथे चेंडू किंवा बॅट लागून हाड तडकले की धमनी फाटू शकते. मूल थोडा वेळ बेशुद्ध पडते, मग उठून नीट बोलते, डबाही खाते. त्याच वेळी आत रक्त साचत असते. काही तासांनी डोके फार दुखते, उलट्या होतात, झोप अनावर होते, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागते. तोवर मूल घरी पोचलेले असते आणि 'दमलाय, झोपू दे' असे म्हटले जाते. असा मार लागलेल्या मुलाला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पालकांना ही लक्षणे लेखी द्यावीत.

फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली दप्तर ठेवावे, झटके थांबले की कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

शेवटी प्रयोगशाळेसाठी एक सूचना. तक्त्याशेजारी बोकडाचा मेंदू ठेवावा. खाटिक मुंडी बहुधा मधोमध फोडतो, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांत तक्त्यावरचाच मध्यछेद मिळतो. अनुमस्तिष्कातली झाडासारखी पांढरी नक्षीही दिसते. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दोन आठवडे ठेवला की घट्ट होतो. तळाला टेकला तर चपटा होतो, म्हणून खाली जाड कापूस घालावा. द्रावण शिक्षकांनीच हातमोजे घालून मोकळ्या हवेत करावे. वाफेने डोळे चुरचुरतात. मुलांपुढे मांडण्याआधी दिवसभर वाहत्या पाण्यात धुवावा. मग मुलांना एकच प्रश्न विचारावा: बोकडाचे अनुमस्तिष्क वरून उघडे दिसते, माणसाचे का दिसत नाही? उत्तर प्रमस्तिष्काच्या आकारात आहे. ते त्यांना स्वतः शोधू द्यावे.