तारा की अलाइनर? आधी दोन तासांचा हिशेब मांडा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर जा नाहीतर नवी मुंबईतल्या वाशीत, ‘तारांशिवाय सरळ दात’ अशी पाटी दिसतेच. आत गेल्यावर बहुतेक जण आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी आपल्या दिवसातले तास मोजावेत.

अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. ते दिवसाचे २० ते २२ तास दातांवर हवेत. २२ धरले तर काढून ठेवायला उरतात जेमतेम दोन तास. ठाण्याहून लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाचा दिवस घ्या. सकाळचा चहा १५ मिनिटं, नाश्ता २०, दुपारचा डबा ३०, चारचा चहा १५, रात्रीचं जेवण ३०, दात घासायला १०. झाली १२० मिनिटं, आणि स्टेशनबाहेरचा वडापाव अजून धरलेलाच नाही. ट्रे घालूनच चहा घेतला तर? गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो. शिवाय साखर आत दाताला चिकटून राहते, तिथे लाळ खेळत नाही आणि कीड लागते. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं.

एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलायचा असतो. तास कमी पडले की दात मागे राहतो. आरशात दाताची कड आणि ट्रे यांच्यामध्ये पोकळी दिसली की समजायचं, आणि असं मागे राहण्यात वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारच्या लहान दातांचा नंबर बहुधा पहिला असतो. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेली मऊ रबरी च्युई चावून ट्रे नीट बसवायचा, आणि त्यांना विचारून तोच ट्रे आणखी काही दिवस वापरायचा. पोकळी तशीच ठेवून पुढचा ट्रे चढवला, तर फरक वाढत जातो आणि शेवटी नव्याने स्कॅन करून जादा ट्रे करावे लागतात.

थोडी गर्दी किंवा फटी असतील आणि शिस्त असेल, तर अलाइनर छान काम करतात. सुळे आणि त्यांच्या लगेच मागच्या उपदाढा मात्र गोलसर असतात. त्या फिरलेल्या असल्या की ट्रेची पकड सुटते, म्हणून दातावर कंपोझिटचे (दात भरायला वापरतात त्या दाताच्या रंगाच्या मसाल्याचे) छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. सुळा हाडात अडकलेला असेल, किंवा उपदाढा काढून पुढे आलेले दात बरेच मागे न्यायचे असतील, तर मी ताराच सुचवेन. तिथे दात नुसता कलून चालत नाही, मुळासकट सरकायला हवा. उपदाढ काढल्यावर सुमारे ७ मिलिमीटर जागा होते आणि ती महिन्याला साधारण १ मिलिमीटरने भरते. ‘सहा महिन्यांत सगळं’ असं कुणी म्हणालं, तर हे गणित पुढे ठेवा.

तारांमध्ये धातूचे ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे, सर्वांत स्वस्त आणि दणकट. सुरुवातीला ०.०१४ इंचाची लवचीक निकेल-टायटॅनियमची तार घालतात, पुढे चौकोनी स्टीलची. सिरॅमिकचे ब्रॅकेट दाताच्या रंगाचे असतात खरे, पण त्यांच्यावर तार बांधणारे पारदर्शक रबर आपल्या हळदीपुढे टिकत नाहीत. दोन-चार दिवसांच्या वरण-भातात पिवळे होतात. करड्या रंगाचे रबर मागा, नाहीतर बारीक स्टीलच्या तारेने बांधून घ्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सिरॅमिक दाताच्या एनॅमलपेक्षा कठीण असतं. वरचे दात खालच्या दातांवर खोल उतरत असतील, तर खालच्या सिरॅमिक ब्रॅकेटवर घासून वरच्या दातांच्या कडा झिजतात. तिथे खाली धातूचेच लावून घ्या. सेल्फ-लायगेटिंग, म्हणजे तार स्वतःच पकडून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला रबर लागत नाही, पण त्याने उपचार लवकर संपतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

ब्रॅकेट सुटतात ते चकली, चिक्की, अख्खा पेरू आणि कणीस दातांनी तोडल्यामुळे. पेरूच्या फोडी करा, कणसाचे दाणे काढून खा. सुटलेला ब्रॅकेट तारेवर फिरत राहिला तर तो दात तेवढे दिवस नीट सरकत नाही, तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर टोक कोरडं करून त्यावर तारांसाठी मिळणारं मेण लावा.

उपचार बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ऑर्थोडोंटिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेल्याकडेच घ्यावा. ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे न बघता नुसत्या स्कॅनवर ट्रे पाठवणाऱ्यांपासून लांब राहा, कारण हिरडीखालचं हाड आणि मुळं स्कॅनमध्ये दिसत नाहीत. बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेजात चौकशी करा. नेरूळला डी. वाय. पाटील आहे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थेट जाता येतं. अशा ठिकाणी एमडीएस करणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ मात्र हाताशी ठेवा.

खर्च लेखी घेताना एक्स-रे, दात काढणं, सुटलेले ब्रॅकेट, जादा ट्रे आणि रिटेनर धरलेत का, ते विचारा. रिटेनर म्हणजे उपचारानंतर दात परत सरकू नयेत म्हणून लावायचं साधन; हिशेबात ते बहुतेक वेळा राहून जातं. त्याचाच एक प्रकार म्हणजे समोरच्या सहा दातांमागे चिकटवलेली बारीक तार. ती एखाद्या दातावरून सुटली तरी दुखत नाही, आणि तो दात गुपचूप सरकतो. रात्री ब्रश झाल्यावर जीभ मागून फिरवा. कुठे टोक लागलं किंवा तार हलली, तर त्याच आठवड्यात चिकटवून घ्या.