हलणारे पाय

दुपारच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांचे पाय बघावेत. चेहरे सगळे सभ्य. खाली मात्र कुणाची टाच शिवणयंत्रासारखी चाललेली, कुणाची चप्पल अंगठ्यावर झुलतेय. शेजारच्या आजी हमखास म्हणणार, "पाय हलवू नये बाळा, लक्ष्मी जाते."

लक्ष्मीचं तिचं ती बघेल. पाय बिचारा आपलं काम करत असतो. घाबरलं की अंगात ॲड्रेनलिन सुटतं, स्नायू पळायच्या तयारीने ताठरतात, आणि पळायचं कुठे? नंबर पुकारेपर्यंत खुर्चीतच. अशा माणसाला "शांत बस" सांगण्याइतका निरुपयोगी सल्ला नाही. त्यापेक्षा मूठ आवळून मग सोडायला सांगावी.

एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्नायू सैल सोडायच्या या पद्धतीवर १९२९ साली अख्खं पुस्तक काढलं. त्यांची मूळ रीत भलतीच सावकाश. पुढच्यांनी काटछाट करून ती वीसेक मिनिटांवर आणली. मूठ पाच-सात सेकंद आवळायची, तीही पाऊण जोराने. मग एकदम सोडायची, हळूहळू नाही. पुढचे वीस-तीस सेकंद हात नुसता पडू द्यायचा. खरा धडा त्या पडून राहण्यातच, आणि घाईची माणसं नेमकं तेच गाळतात. मग दंड, कानापर्यंत उचललेले खांदे, कपाळ, पोट, मांड्या. पोटरीशी जपून: पायाची बोटं खाली रोखली की गोळा आलाच, म्हणून चवडा आपल्याकडे ओढावा. दात करकचून आवळू नयेत, दाढेसाठीच आलेल्याने तर नाहीच. आणि आवळताना श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब वाढतो.

श्वासाचंही तसंच. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की लोक भराभर हवा गिळतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं.

येरझाऱ्या घालणाऱ्यांची आपल्याकडे उगाच थट्टा होते. त्यातही खोट एवढीच की हातात फोन असतो; मग खांदे आखडलेले आणि मान खाली. फोन ठेवून हात खांद्यापासून मोकळे हलू द्यावेत. हॉलमध्ये सहा पावलांवर भिंत येत असेल तर सरळ गच्चीवर जावं. आजींच्या हातातली जपमाळ तरी दुसरं काय करते? मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवायची. बोटं हलती ती हलतीच.

मात्र छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अंगाला गार घाम, असं असेल तर मुठी आवळत बसू नये. १०८ ला फोन लावावा.