टायट्रेशन आधी मोबाइलवर पाहिलं, मग हातानं केलं

आमची अकरावी 2020-21 ची. लॅब कॉलेजात आणि आम्ही घरी. टायट्रेशनचा (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून तीव्रता काढायच्या प्रयोगाचा) व्हिडिओ ग्रुपवर यायचा, त्यातली रीडिंग जर्नलमध्ये उतरवायची आणि पानाचा फोटो पाठवायचा. बारावीत लॅबची पायरी चढलो, पण एका ब्युरेटभोवती (थेंब सोडायच्या, मापाच्या खुणा असलेल्या नळीभोवती) अख्खी बॅच. त्यामुळे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फळ्यावर ‘ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट’ दिसलं तेव्हा समीकरण तोंडपाठ होतं, पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) मात्र कधी हातात धरलं नव्हतं.

सुरुवात वजनापासून. पाण्याचे दोन रेणू धरून ऑक्झॅलिक ॲसिडचं रेणुवस्तुमान 126, म्हणजे 100 मिली 0.05 मोलर (मोलर किंवा मोलॅरिटी हे तीव्रतेचं माप) द्रावणाला 0.63 ग्रॅम. आमच्या जुन्या जर्नलमध्ये सगळ्यांचं वजन नेमकं 0.63 असायचं. खऱ्या तराजूवर कधी 0.61 येतं, कधी 0.66. मॅडम म्हणाल्या, “चिमूटभर काढ, चिमूटभर घाल करत बसू नका. जे आलं ते लिहा आणि मोलॅरिटी त्यावरून काढा.” मला हे फार पटलं. 0.63 चा हट्ट नेमका कुणी सुरू केला कोण जाणे.

ब्युरेट परमँगनेटनंच खंगाळायचं, पिपेट ऑक्झॅलिकच्या द्रावणानं, पण कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. फ्लास्कच्या तळाला द्रावणाचे थेंब राहिले तर ते हिशेबात आपसूक शिरतात. परमँगनेट इतकं गडद की पातळीची खालची वक्ररेषा दिसतच नाही, म्हणून वरच्या कडेवरून रीडिंग घ्यायचं. शेवटी दोन रीडिंगमधला फरकच धरायचा असल्यानं दोन्ही वेळा वरचीच कड धरली की झालं.

फ्लास्कमध्ये 10 मिली ऑक्झॅलिक, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, मग 60 ते 70 अंशांपर्यंत गरम. पहिला थेंब पडला आणि गुलाबी रंग जाईचना. सगळं टेबल एकमेकांकडे बघायला लागलं, कारण व्हिडिओत तर रंग लगेच उडायचा. मॅडम लांबूनच म्हणाल्या, “थांबा. हलवत राहा.” हलवता हलवता फ्लास्क पांढरा स्वच्छ झाला. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी नाहीसे व्हायला लागले. या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन तिलाच वेग देतात, म्हणून सुरुवात रेंगाळते आणि नंतर गाडी सुसाट. त्या रेंगाळण्यात घाई करून धार सोडली, किंवा ॲसिड कमी पडलं, तर फ्लास्क तपकिरी गढूळ होतो. तो मँगनीज डायऑक्साइड. ओतून द्या आणि नव्यानं घ्या. व्हिडिओ कापणाऱ्यानं नेमकं ते थांबणंच कापलेलं असतं. प्रयोगाचा जीव तिथेच आहे असं माझं मत.

शेवट एका थेंबाचा: फिका गुलाबी आणि अर्धा मिनिट टिकणारा. 0.02 मोलर परमँगनेट असेल तर साधारण 10 मिलीच्या आसपास येतं. लागोपाठची रीडिंग जुळली की सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) लिहायचं. शेजारच्याचं बघून जुळवणारेही होते, पण त्यांचं वजन वेगळं असायचं, त्यामुळे गणितात लगेच सापडायचे.

वर्षअखेरच्या प्रॅक्टिकलला सॉल्टही (ओळखायचा अनोळखी क्षार) होतं. पांढरे खडे, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये तापवले तर तडतडले आणि तपकिरी धूर निघाला. नायट्रेट असणार, हे तिथेच कळलं. पाण्यातल्या द्रावणात डायल्यूट हायड्रोक्लोरिक घातलं, पांढरा प्रेसिपिटेट (साका), तो गरम पाण्यात विरघळला: धातूंच्या आयनांचा पहिला ग्रुप, लेड (शिसं). पोटॅशियम आयोडाइडनं पिवळा. तो पाण्यात उकळून विरघळवला आणि नळाखाली धरला, तर ट्यूबभर सोनेरी चमचम उतरली. पर्यवेक्षक सरही थबकून बघून गेले.

नायट्रेटची खात्री करणारी ब्राउन रिंग (तपकिरी कडं) मात्र सरळ येत नाही. लेड असताना सल्फ्युरिक घातलं की पांढरं लेड सल्फेट खाली बसतं आणि सगळं पांढुरकं होतं. म्हणून आधी सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून लेड गाळून टाकायचं. मग गाळलेल्या पाण्यात डायल्यूट सल्फ्युरिक फेस थांबेपर्यंत घालायचं, ताजं फेरस सल्फेट मिसळायचं आणि तिरप्या ट्यूबच्या कडेनं कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक सोडायचं. ट्यूब हलवली की रिंग मोडते.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “टायट्रेशनला हायड्रोक्लोरिक का नाही चालत?” परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंच क्लोरीन करतं आणि रीडिंग जास्त येतं, असं सांगितलं. “आणि नायट्रिक?” ते स्वतःच ऑक्सिडायझर, म्हणून रीडिंग कमी येतं. सरांनी पुढचा रोल नंबर पुकारला.

प्रॅक्टिकलला जाणाऱ्यांसाठी: ॲप्रन, काडेपेटी, जुनं फडकं आणि स्वतःचा मार्कर न्या. पिपेटला बल्बच वापरा, तोंड नको. लेडचं पाणी सिंकमध्ये न ओतता वेस्टच्या बाटलीत ओता आणि जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात साबणानं धुवा.