मध्य कुठे धरायचा?

वडोदऱ्याचं जुनं शहर कागदावर मांडणं तसं सोपं. मधोमध मांडवीची जुनी इमारत, तिथून चार रस्ते चार दरवाजांना: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. कागदाला दोन घड्या घातल्या की अर्धं काम झालं.

माझा नकाशा कोलाजचा, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेला, त्यामुळे खरी गंमत खळ लावल्यावर सुरू होते. ओला कागद फुगतो, तोही एका दिशेने जास्त, आणि वाळताना स्वतःच्या मनाने आखडतो. चिकटवलेला रस्ता मोजलेल्या रस्त्याशी जुळत नाही. सर्व्हेवाल्यांना हे खपणार नाही, मला खपतं. लग्नसराईत रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत चालून बघा, कुठलं माप खरं वाटतंय ते!

जर्मनीतल्या एप्स्टोर्फच्या मठात 13व्या शतकातला जगाचा एक नकाशा होता. तीस चामडी शिवून केलेला, साडेतीन मीटरहून रुंद. मध्यावर जेरुसलेम; वर ख्रिस्ताचं मस्तक, दोन बाजूंना हात, तळाशी पाय. सगळं जग त्याच्या अंगात. 1943च्या बॉम्बफेकीत तो हॅनोव्हरला जळाला. आमच्या वडोदऱ्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवलेले चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्या हाती त्याचं पोस्टकार्ड लागलं, आणि त्या गोल चौकटीतून त्यांनी चित्रांची मालिकाच उभी केली: संगणकावर जोडलेली चित्रं, वरून गुआशचे, म्हणजे अपारदर्शक जलरंगांचे, हात. त्या जगात कबीर आहे, मजनू आहे. जळालेल्या नकाशात नवी माणसं राहायला आली, हे मला फार आवडतं.

गुजरातेत याहून जवळचं उदाहरण आहे. कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याला जाऊ न शकणारे जैन आपल्याच गावात तिथल्या शत्रुंजय या देवळांच्या डोंगराचा रंगवलेला पट उभारून त्याचं दर्शन घेतात. डोळ्यांनी पायऱ्या चढायच्या, देवळं गाठायची. असा नकाशा कुणाला रस्ता विचारू देत नाही, थेट यात्राच घडवतो.

माझ्या नकाशावर मात्र आत्याचा आक्षेप आहे. "अगं, मांडवी कसली मध्यात? मध्य म्हणजे दांडिया बाजार. मांडवीला आपण खरेदीला जातो." तिच्या हिशेबात घर जिथे, तिथून दिशा सुरू होतात. जेरुसलेमवाल्यांनी तरी वेगळं काय केलं होतं?

शहरातली विश्वामित्री नदी मी निळ्या दोऱ्याने घातली होती, बारीक धावदोऱ्याने, नगररचनेच्या नकाशात दिसते तशी. आत्याने चष्मा वर केला. "एवढीशी? ऑगस्ट 2024चा पूर विसरलीस? मगरी लोकांच्या दारात आल्या होत्या." टाके उसवले. दोरा आता सैल सोडलाय, वस्तीवर चढू देतेय. आत्याचं पुढचं मागणं असं, की मगर नदीत न ठेवता रस्त्यावर ठेव, आणि जरा मोठी कर.