पॅड बदलले आणि चाक धरायला लागलं - माझा अनुभव

पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले, गाडी बाहेर काढली आणि डावीकडून बारीक चीं चीं सुरू. परत गेले तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, नवीन पॅड आहेत, बसतील हळूहळू." पुन्हा गेले तरी तेच. या एका वाक्याचा मला अजून राग आहे, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच त्याच्या आड काहीही लपवता येतं.

खरं किती ते सांगते. नवीन पॅड आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला पॅड दाबून धरतात) एकमेकांवर बसायला थोडा वेळ लागतोच. रिकाम्या रस्त्यावर ताशी 50-60 वरून मध्यम दाबाने 10-15 पर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्यायचे, असं बऱ्याच वेळा करायचं. पॅडच्या बॉक्सवर पद्धत दिली असेल तर तीच करा. ब्रेक दाबल्यावरच येणारा बारीक आवाज याने बऱ्याचदा जातो. पण माझा आवाज पाय ब्रेकवर नसतानाच यायचा आणि पेडल दाबलं की बंद व्हायचा, वर सपाट रस्त्यावर न्यूट्रलला टाकली की गाडी पुढे घरंगळायच्या ऐवजी लगेच मंदावायची आणि थांबल्यावर जळका वास. हे बसणं नाही, हे चाक धरणं आहे, म्हणजे पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहणं. गाडी चालवून आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा (डिस्कला चुकूनही हात लावू नका, भाजेल), एक बाजू स्पष्ट जास्त गरम लागली की पुढे "बसतील" ऐकून घ्यायचंच नाही.

मग दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे चाक न काढताच निदान झालं, कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) गेलाय, पूर्ण बदला. इथे मी अडून बसले. म्हटलं आधी उघडून दाखवा, मगच बदलू. त्यांच्याकडचे एक वयस्कर काका म्हणाले, "बघू की, त्यात काय." त्या काकांमुळे सगळं सुटलं.

त्यांनी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावला आणि चाक हाताने फिरवलं. नवीन पॅड थोडे घासतात तेवढं चालतं, पण हे दोन हातांनीसुद्धा जेमतेम हलत होतं. मग पेडल एकदा दाबून सोडलं आणि कॅलिपरचा निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासा सैल केला. ही टेस्ट लक्षात ठेवा. ऑइल जोरात उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर आत अडकलंय, म्हणजे ऑइलची रबरी नळी (होज) आतून फुगून बंद झालीय किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलने चालणाऱ्या ऑइलच्या पंपाचा) घोळ. आमचं चाक तसंच घट्ट राहिलं, म्हणजे अडचण तिथेच चाकाजवळ. निपल लगेच परत घट्ट केला.

कॅलिपर उचलला. गाईड पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो) हाताने आतबाहेर होत होत्या, त्यांचे रबरी बूट पण शाबूत. गॅरेजमधला एक जुना पॅड मध्ये धरून क्लॅम्पने दाबला तर पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) सरळ आत गेला. (पुढच्या चाकांचा असा दाबून जातो, मागे हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, तिथे नुसता दाबू नका.) म्हणजे ज्या कॅलिपरला बाद ठरवलं होतं तो धडधाकट! मग काका पॅड काढायला गेले तर पॅड निघेचना, शेवटी स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढला.

कारण पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, ब्रॅकेटच्या (पॅड धरणाऱ्या चौकटीच्या) ज्या खाचेत सरकतात तिथल्या स्टीलच्या क्लिपांखाली गंज चढला होता. गंज फुगतो, क्लिप वर उचलते, खाच अरुंद होते. पहिल्या गॅरेजने जुन्या क्लिपा तशाच ठेवून नवीन पॅड ठोकून बसवले होते, कानांवर हातोडीच्या ताज्या खुणा होत्या. काकांनी नीट समजावलं, की पेडल सोडल्यावर पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर सील त्याला केसभरच मागे ओढतं, बहुतेक गाड्यांत पॅडला मागे खेचणारी वेगळी स्प्रिंग नसते, पॅड मोकळा असला तरच तो डिस्कपासून सुटतो. खाचेत अडकला की घासतच राहणार, मग कॅलिपर नवा टाका नाहीतर काहीही.

क्लिपा काढून कानशीने आणि तारेच्या ब्रशने गंज पार धातूपर्यंत घासला, नवीन क्लिपा बसवल्या, कानांना ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ. पॅड बोटाने सरकायला लागला. चाक फिरवलं तर फिरलं! मला इतकं बरं वाटलं की मी काकांना उजवी बाजूही उघडायला लावली, तिथेही गंजाची सुरुवात होतीच.

आणखी आठवेल तसं. जुने पॅड मागून घ्या, माझे पहिल्या गॅरेजने टाकून दिले होते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला किंवा एखादा तिरका झिजलेला असेल तर काहीतरी आधीपासूनच अडकतंय हे तिथेच कळतं. गाईड पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच, साधं ग्रीस रबर फुगवतं. दोन पिना वेगळ्या असू शकतात, अदलाबदल नको. पिस्टन आत दाबताना ब्रेक ऑइलची टाकी वर भरते, लक्ष ठेवा, सांडलं तर गाडीचा रंग जातो. आवाज राहिलाच तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून घासत नाही ना तेही बघा, बोटाने सरळ होतो. आणि काम संपल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पिस्टन मागे गेलेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं.