दव आणि दोन स्ट्रोक

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगा, तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडेल. तिथे क्रिकेट आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, गोल्फ तेवढं नाही. अशा गावातल्या कॉलेजात मी क्रीडा संचालक, मूळचा कबड्डीचा. एक दिवस बी.कॉम.ची मुलगी जिमखान्यात आली आणि म्हणाली, "सर, गोल्फची एंट्री पाठवाल का?"

वडील तोफखान्यात होते, निवृत्तीनंतर देवळालीला घर केलेलं. ती खेळ शिकली वडिलांच्या आधीच्या पोस्टिंगवर, कोरड्या मुलखात, जिथे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या सपाट जागेवर, गवत नसतंच. वाळूत तेल कालवून दाबून बसवलेला गोल असतो, त्याला ब्राउन म्हणतात. पट, म्हणजे होलकडे बॉल घरंगळवणारा हलका फटका, मारण्याआधी बॉलपासून होलपर्यंतची रेषा फळीने किंवा हाताने सारखी करून घ्यायची. तिथे तशी मुभाच असते, नाहीतर बॉल मागच्याच्या बुटाच्या ठशात अडकतो. लहानपणी लागलेली ही सवय. हात आपोआप जातो.

तीन वर्षांत मी तिला काय शिकवलं? काही नाही. फिटनेस घेतला, फॉर्म भरले. एसटीत तिची बॅग बघून कंडक्टर "क्रिकेट का?" विचारायचा आणि मी "हो" म्हणायचो, कारण गोल्फ सांगितलं की पुढचे प्रश्न संगमनेरपर्यंत पुरायचे. स्टाफरूमची तऱ्हा वेगळी नाही. ७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं गोल्फमधलं कांस्य एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याने, हुकलं तेव्हा सगळे गोल्फतज्ज्ञ झाले होते. संध्याकाळी नीरजने भाला फेकला आणि तज्ज्ञगिरी तिकडे वळली.

तिची शेवटची स्पर्धा पुण्यात होती. पहिल्याच गटात तिचं नाव, म्हणजे अगदी पहाटे टी-ऑफ, पहिला फटका. पहिल्या गटाला दव लागतं. माळी लांब बांबू फिरवून एकेक ग्रीन झाडत जातात, पण तिसऱ्या होलवर ते अजून पोचलेले नव्हते. ओल्या ग्रीनवर बॉल मंद पळतो आणि मागे पाण्याची रेघ सोडतो. आधी पट मारणाऱ्याची लाइन दुसऱ्याला आयती दिसते. मला हे त्या दिवशी दोरीपलीकडे उभं राहून कळलं. बोलायला बंदी होती. राउंड सुरू असताना सल्ला फक्त बॅग वाहणाऱ्या कॅडीने द्यायचा. कबड्डीत रेषेबाहेरून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या माणसाला ही शिक्षाच.

बरोबरच्या मुलीने बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, शॉट मारला आणि वाळू उडून ग्रीनवर पडली, आमच्या मुलीच्या लाइनवर. ग्रीनवरची वाळू काढता येते. तिने वाकून हाताने झाडली. मग दोन पावलं पुढे, जिथे वाळू नव्हती, फक्त दव होतं, तिथेही तळहात फिरवला. आणि थांबली. हात वर करून रेफरीला तिनेच बोलावलं.

नियम असा, की दव काढून स्वतःची लाइन सुधारायची नाही. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, चालतं, ग्रीनवर नाही. माळ्याने झाडलं तर ठीक, खेळाडूने झाडलं तर दोन स्ट्रोक दंड.

रेफरीने विचारलं, "वाळू काढत होतीस?"

"हो सर. पण पुढे वाळू नव्हती. तिथेही हात फिरवला."

पहिल्या दोन शब्दांवर ती थांबली असती तर? मार्कर, म्हणजे तिचा स्कोअर लिहिणारी ती बरोबरची मुलगी, तेव्हा बंकर सारखा करत होती, तिची पाठ होती. मी दुपारी रेफरींना गाठून हेच विचारलं. चांगला माणूस, निवृत्त अधिकारी. ते म्हणाले, "मग मी काहीच लावलं नसतं. मी पाहिलेलं नव्हतं, तिच्या शब्दावरच चाललो असतो."

एका स्ट्रोकने तिसरा नंबर गेला. आमच्याकडे चढाई करणाऱ्याला टच झाला का हे पंचाने बघायचं असतं. पंचाने पाहिलं नाही तर झालं नाही, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. मी पंधरा-सोळाच्या मुलांना हेच शिकवत आलोय आणि उद्याही शिकवणार. पण दोन्ही खेळांचे गुण विद्यापीठ एकाच फॉर्मवर मागतं, तिथे फक्त 'स्थान' असा रकाना आहे.

आता कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी 'स्पर्धेतील अविस्मरणीय क्षण' असा मजकूर मी तिच्याकडे मागितला. मला वाटलं, दवाचं लिहील. तिने लिहिलं अकराव्या होलबद्दल: झाडाखाली अडकलेला बॉल, फांदी आडवी, पूर्ण स्विंगला जागा नाही, पाच नंबरच्या आयर्नने अर्ध्या स्विंगमध्ये खालून ठोशासारखा काढलेला 'पंच' शॉट, आणि तो ग्रीनच्या कडेला जाऊन कसा थांबला. दीड पान. हाताची पकड किती खाली घेतली तेसुद्धा. तिसऱ्या होलचा उल्लेख नाही.

"अगं, दवाचं काय?" मी विचारलं.

"त्यात काय लिहायचं सर? दोन धरले, पुढे गेले."

मजकूर जसाच्या तसा ठेवला. शेवटी मी 'चौथा क्रमांक' एवढं जोडलं. ती म्हणाली, जोडताय तर 'दोन पेनल्टी स्ट्रोक धरून' असंही लिहा. प्राचार्य म्हणतात, अंकात पेनल्टी कशाला, कॉलेजचं नाव आहे. प्रूफ माझ्या टेबलावर आहे आणि छापखाना सोमवारी मागतोय.