उजनीचा काठ: चौथी फेरी

उजनी धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे यशवंतसागराचा, काठ नकाशावर कर्कटकानं मोजायचं चाललंय, दर फेरीला टोकांमधलं अंतर निम्मं करून. काल रात्री अर्ध्या सेंटिमीटरची फेरी पुरी झाली. नकाशा तोच, धरण भरलेलं असतानाचा यशवंतसागर, चार ए-३ कागद जोडून केलेला.

कर्कटकाची टोकं ४ सेंमीवर ठेवली होती तेव्हा काठाभोवती २२ पावलं पडली, म्हणजे ८८ सेंमी. २ सेंमीला ५२ पावलं, १०४ सेंमी. १ सेंमीला १२४. आता ०.५ ला २९७ पावलं, म्हणजे १४८.५ सेंमी! पाऊल निम्मं केलं की काठ दर वेळी १८ ते २० टक्क्यांनी वाढतोय. मोठं पाऊल ओढ्यांची तोंडं ओलांडून जातं, लहान पाऊल आत शिरून परत येतं.

पडताळ्यासाठी वर्तुळही मोजलं होतं. तिथं असं होत नाही. आत षटकोन काढला तर परिघ व्यासाच्या ३ पट, बारा बाजूंना ३.१०६, चोविसांना ३.१३३. वाढ आटत जाते आणि π (३.१४१६) पाशी थांबते. उजनीची आटायचं नाव घेत नाही.

पाऊल आणि लांबी दोन्हींचे लॉग घेऊन काढलेल्या आलेखावर चारही बिंदू जवळजवळ एका रेषेत आले, मिती १.२५ च्या आसपास (काठ किती वेडावाकडा ते सांगणारा आकडा; साध्या रेषेला १, सपाट पृष्ठभागाला २). ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसनच्या मोजमापांवरून ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी हाच आकडा येतो. चार बिंदूंवर मी काही ठरवणार नाही, पण रात्री झोप लागली नाही हे खरं. भारताच्या किनाऱ्याचंही तेच झालं: जुनी लांबी ७,५१६.६ किमी, जास्त बारकाव्याच्या नकाशावरून नवी ११,०९८.८१ किमी. जमीन तीच, पाऊल लहान.

गल्लीतल्या काकांना आलेख दाखवला. त्यांनी तीस वर्षं माग चालवलाय. बघून म्हणाले, "कापड मोजायलास का सूत?" मग त्यांनीच सांगितलं की ताणा (मागावरचे उभे धागे) कापडापेक्षा नेहमी जास्त लांब लावावा लागतो, कारण त्यातलं प्रत्येक सूत बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) वरून-खालून जातं. घरी येऊन जुन्या फाटक्या चादरीवर ५० सेंमीच्या खुणा केल्या, ताण्याचा एक धागा उसवून काढला आणि ओढ न देता पट्टीवर सरळ केला. ५३.५ सेंमी भरला. एवढ्या वर्षांत चादरीकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

पुढची फेरी पाव सेंमीची करायची होती, पण छापलेली रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे. तिच्या कुठल्या कडेनं चालायचं? त्यामुळे आधी भिगवणकडच्या फाट्यांचा भाग चौपट मोठा छापून घेणार, आणि तेवढाच तुकडा चारही पावलांनी पुन्हा मोजणार.